रक्तदान शिबिर राहू द्या, आधी वही काढा

नमस्कार मंडळी. या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर तीन पत्रं एकाच वळणाची निघाली, आपल्या माणसासाठी सगळा गाव धावतोय पण नेमकं कुठं धावायचं तेच कळेना. पहिलं पत्र इतकं घाईचं होतं की अंक निघायच्या आधीच त्या भावाला फोन करून अर्धं उत्तर देऊन टाकलं, प्लेटलेट काय मासिकाची वाट बघत बसत नाहीत. तरी सगळं इथं लिहितेय, कारण हे उद्या तुमच्या गल्लीतपण होणारच आहे. नावं-गावं काढलीत, पत्रं थोडी आवरती घेतलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय २७, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. घरी तेलुगू बोलतो त्यामुळे मराठी इकडंतिकडं झालं तर समजून घ्या. आमच्या भागात अक्का आहेत, सगळे अक्काच म्हणतात, वय ५८. स्वतः विड्या वळत वळत विडी कामगार बायकांच्या पुढारी झाल्या. माझ्या आईच्या पीएफचे पैसे अडकले होते तेव्हा त्यांनी अकरा हेलपाटे मारले, आईनं मोजलेत. एकदा महापालिकेला उभ्या राहिल्या, पडल्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत आपल्या टेबलावर हजर. पंधरा दिवसांपूर्वी ताप जाईना म्हणून तपासलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला, एएमएल म्हणतात. सोलापुरातच अ‍ॅडमिट आहेत, केमो चालू झालीय, डॉक्टर म्हणाले महिनाभर रक्त आणि प्लेटलेट लागत राहतील. आमच्या मंडळाच्या पोरांनी येत्या रविवारी महारक्तदान शिबिर ठरवलंय, ५०० बाटल्या काढायच्या, चौकात अक्कांचा मोठा डिजिटल, म्हणजे फ्लेक्स बॅनर, लावायचा. एकानं अक्कांचा रिपोर्ट आणि त्यांच्या मुलाचा नंबर टाकून मेसेज केला तो एवढा फिरला की मुलगा फोन बंद करून बसलाय. एका मित्राच्या फोनवर ८६ हजार जमलेत आणि आता हिशोबावरून ग्रुपवर भांडणं. आणि वर अक्का म्हणतात, बायकांचा एक रुपया घेऊ नका, वर्गणी घेतली ती मालकाशी भांडायला घेतली, माझ्या औषधाला नाही. ताई, आम्हाला खरंच काहीतरी करायचंय हो. कुठून सुरू करू?

उत्तर: भाऊ, रविवारचं शिबिर आधी थांबवा. रागावू नका, कारण सांगते.

अक्कांना जी केमो चाललीय त्यात बहुतेक वेळा एक औषध सात दिवस आणि दुसरं त्यातले तीन दिवस असं देतात, आणि त्यानंतर तीन-चार आठवडे शरीर स्वतःचं रक्त जवळपास बनवतच नाही. म्हणजे गरज रविवारी नाहीये, गरज आजपासून पुढच्या महिन्याभर, कधी दिवसाआड तर कधी रोज आहे. आता रक्तातल्या लाल पेशी थंडीत साधारण सहा आठवडे टिकतात, पण प्लेटलेट टिकतात फक्त पाच दिवस, त्याही फ्रीजमध्ये नाही तर खोलीच्या तापमानाला, हलत्या ट्रेवर ठेवून. तुम्ही रविवारी ५०० बाटल्या काढल्या तर शुक्रवार-शनिवारपर्यंत त्यातल्या प्लेटलेट संपल्या. आणि खरी गोची पुढं आहे, ज्या ५०० पोरांनी रविवारी रक्त दिलं ती सगळी पोरं मशीनवर प्लेटलेट द्यायला (म्हणजे नुसत्या प्लेटलेट काढून घ्यायच्या, बाकीचं रक्त परत अंगात) पुढचे किमान चार आठवडे बाद. म्हणजे ज्या महिन्यात अक्कांना माणसं लागणार तोच अख्खा महिना तुम्ही एका दिवसात, डीजे लावून, संपवून टाकलात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २००९ साली माझे काका असेच आजारी पडले, गिरणीतले जुने कार्यकर्ते, गल्लीत कुणाचं भांडण असो की बारसं, काका पुढं. पहिल्या दिवशी एका खासगी हॉस्पिटलच्या दारात ११२ पोरं उभी होती, मला तर भरून आलं होतं, वाटलं आता काय काळजी नाही. एकोणिसाव्या दिवशी रात्री अकरा वाजता मी त्याच हॉस्पिटलच्या जिन्यात बसून डायरीतले नंबर लावत होते, आणि पलीकडून सगळे प्रेमानं एकच सांगत होते, ताई मी परवाच दिलंय की. खोटं नव्हतं हो, दिलंच होतं. तिथल्या स्टाफनंही पहिल्या दिवशी कोणी समजावून सांगितलं नाही की ही पोरं राखून ठेवा, आले तसे बसवत गेले. त्या रात्री शेवटी एका रिक्षावाल्या भावानं दिल्या, तो काकांना ओळखतसुद्धा नव्हता.

आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघितलेत ना, सात काठ्या. एवढी उंच जड काठी एकच माणूस ६८ लिंगांना फिरवून आणत नाही. काही पावलं एकानं पेलायची, बाजूला दुसरा कमरेचा पट्टा आवळून तयारच असतो, हा थकायच्या आत तो घेतो. आणि पेलणारे महिनोन्महिने आधीपासून सराव करतात. अक्कांसाठी तुम्हाला अशी माणसं लावायचीत, यात्रेतली गर्दी नकोय.

तर शंभर पानी वही घ्या. रक्तपेढीत जाऊन, फोनवर नाही, समोर बसून विचारा की अक्कांना रोज साधारण किती लागतंय, कोणत्या गटाचं चालेल (प्लेटलेटला गट जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी कधी कधी चालतं, पण ते त्यांना ठरवू द्या). मग मंडळातली तब्येतीनं बरी, १८ ते ६० मधली, पन्नास किलोच्या वरची पोरं गटाप्रमाणे लिहून काढा. नाव, गट, वजन, ड्युटी कधी सुटते, शेवटचं रक्त कधी दिलं. रात्रपाळीवाल्यांना सकाळी बोलवू नका, जागरण झालेल्या माणसाला चक्कर येते. मग पुढच्या ३० दिवसांवर वाटा, रोज दोन नावं आणि एक राखीव. प्लेटलेट द्यायच्या आधी तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही, आणि आपल्याकडं डोकं दुखलं की काहीपण गोळी घ्यायची सवय, ते आधीच विचारून ठेवा. आदल्या दिवशी तपासणीला पाठवायचं, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर पाहिजेत, हाताची शीर चांगली पाहिजे. एका माणसाला परत द्यायच्या असतील तर मध्ये किमान ४८ तास जावे लागतात, आठवड्यात दोनदाच्या वर नाही, वर्षात २४ च्या वर नाही, म्हणजे तब्येत चांगली असेल तर तोच पोरगा महिन्यात परत कामाला येऊ शकतो. मशीनवरच्या एका दात्याची पिशवी म्हणजे साध्या रक्तदानातून निघणाऱ्या पाच-सहा पिशव्यांएवढी, म्हणून मशीनवालीच मागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला कोणीतरी सोबत द्या. खुर्चीत तास-दीड तास बसायचं असतं, रक्त एका नळीनं मशीनमध्ये जातं, तिथं फिरतं, पिवळसर पाण्यासारखं काहीतरी पिशवीत जमत जातं आणि बाकीचं रक्त परत अंगात. मध्येच ओठांना मुंग्या आल्यासारखं होतं. भल्याभल्या पैलवानाचं तोंड तेव्हा पांढरं पडलेलं मी बघितलंय, त्याला वाटतं संपलं आता. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं अंगातलं कॅल्शियम थोडा वेळ कमी होतं, सिस्टरला सांगितलं की ती मशीन हळू करते, कॅल्शियमची गोळी देते, जातं. हे आधी माहीत असलं की पोरगा घाबरून ग्रुपवर काहीबाही टाकत नाही. आणि उपाशी जायचं नाही, कडक भाकरी शेंगाचटणी खाऊन, पाणी पिऊन जा.

दोन गोष्टी पत्रात नव्हत्या पण सांगते. एक, अक्कांचे सख्खे भाऊ-बहीण, मुलं, यांना उत्साहाच्या भरात रक्त द्यायला बसवू नका. पुढं बोन मॅरो बदलायची वेळ आली तर हीच माणसं दाते ठरू शकतात आणि त्यांचं रक्त आधीच अंगात गेलेलं असलं तर शरीर ते मॅरो नाकारायची शक्यता वाढते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरच्यांचं नको. दुसरी जरा नाजूक आहे. अक्कांवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा, तर त्यांच्या विडीवाल्या बायकांचा, आणि त्या सगळ्या रक्त द्यायला रांगेत येणार. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळणाऱ्या आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईचं किती भरणार सांगा. सिस्टर बोटाला टोचून सांगणार, मावशी तुमचं नऊ आहे, तुम्हालाच रक्त लागेल. ती बाई बाहेर येऊन रडते, तिला वाटतं अक्कांसाठी आपण एवढंपण करू शकलो नाही. ही पाळी आणू नका. त्यांना आधीच दुसरं काम द्या, आणि काम खूप आहे.

कोणतं काम? अक्कांच्या पांढऱ्या पेशी तळाला जाणार, तेव्हा साधा सर्दी-खोकलापण जिवावर बेततो. म्हणून भेटायला जायचं नाही. हार नको, फुलं नको, पेढे नको, सिद्धरामेश्वराचा अंगारा आणला तर घरातल्या देवापाशी ठेवा, अक्कांच्या तोंडात किंवा कपाळाला नको. आपल्यात माणूस आजारी पडला की नारळपाणी घेऊन सहा-सहा जण पलंगाभोवती उभे राहायची पद्धत, न गेलं तर उद्या बोलणी बसतात, ते सगळं माहिताय मला. मोडा ती पद्धत महिनाभर. दोन बायकांनी डबा बघावा, तो ताजा, पूर्ण शिजवलेला, गरम पाहिजे, कच्ची कोशिंबीर किंवा कापून ठेवलेलं फळ त्यात नको, आणि डबा देताना आधी त्यांच्या सिस्टरला दाखवायचा. दोघींनी अक्कांच्या सुनेच्या वाटणीच्या विड्या वळून द्याव्यात, म्हणजे सून दवाखान्यात बसली तरी तिची आठवड्याची मजुरी बुडत नाही. हे मदतीत कोणी धरत नाही बघा, पण घर त्याच्यावर चालतं. आणि कुणीतरी एक बाई फक्त ताप बघायला. अक्कांना शंभरच्या वर ताप आला की सकाळ व्हायची वाट न बघता त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगायचं, डिस्चार्जनंतर घरी असल्या तर रिक्षा करून थेट दवाखाना.

आता पैसे. मित्राच्या फोनवरचे ८६ हजार आजच्या आज बाहेर काढा, मित्र लाखात एक प्रामाणिक असला तरी. खासगी खात्यावर जमलेल्या पैशांनी या शहरात किती मंडळं फुटली ते तुम्हाला मी सांगायला नको. अक्कांच्या मुलाला विचारून तिघांच्या सहीचं वेगळं खातं काढा, त्यात एक बाई पाहिजेच, किंवा सरळ हॉस्पिटलात अक्कांच्या नावानं भरून पावती घ्या. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढं दर रविवारी कागदावर लिहून अक्कांच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवा. भिंतीवरच्या कागदाशी कोणी भांडत नाही.

पण त्याच्या आधी सरकारी कागद. लोक उलटं करतात, आधी वर्गणी, मग दागिने, मग शेवटी योजनेची आठवण. महात्मा फुले जन आरोग्य योजना, पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं, म्हणजे आपल्याला ही नवीन नाही. १ जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाच्या रेशन कार्डाला कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, रक्ताच्या कॅन्सरची केमो त्यात बसते. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशन कार्ड, आधार घेऊन भेटा, नाही सापडला तर १५५३८८ ला फोन लावा. अक्का आता जिथं आहेत ते हॉस्पिटल योजनेत नसेल तर पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच, की हलवता येईल का आणि कधी. पैसे भरून झाल्यावर मागाहून परत मिळत नाहीत या योजनेत, म्हणून घाई. सगळा खर्च पॅकेजमध्ये बसेलच असं नाही, प्लेटलेटच्या मशीनचा किटच महाग असतो, एका पिशवीला दहा हजारांच्या घरात जातात, तुमचे ८६ हजार तिथं कामाला येतील.

अक्कांचं विडी कामगाराचं ओळखपत्र शोधा. बहुतेक जुन्या पत्र्याच्या पेटीत असेल, आणि गंमत बघा, ज्या बाईनं हजारो बायकांची कार्डं काढून दिली तिचं स्वतःचं रिन्यू नसण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या विडी कामगार कल्याण योजनेत कॅन्सरच्या उपचाराला साडेसात लाखांपर्यंत खर्चाची तरतूद आहे, त्या योजनेच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांमार्फत अर्ज जातो, आत्ताच जाऊन भेटा. शिवाय धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात, उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा कक्ष आता कलेक्टर ऑफिसमध्येच आहे, तिथं उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला लागतो, हॉस्पिटलचं खर्चाचं पत्रक लागतं, आणि रुग्ण अ‍ॅडमिट असतानाच अर्ज करायचा. या सगळ्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कॉमन आहे, तेव्हा दोन चलाख पोरं उद्या सकाळी फक्त त्या एका कागदाच्या मागं लावा. शिबिराच्या मंडपापेक्षा हे काम मोठं आहे, फक्त ह्याचा फोटो चांगला येत नाही.

फोटोवरून आठवलं, तो डिजिटल. सोलापुरात माणूस जन्मला तरी डिजिटल आणि कुत्र्याचा वाढदिवस असला तरी डिजिटल, आपली ख्यातीच आहे. अक्कांचा फोटो मध्ये आणि खाली वीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो, 'लवकर बऱ्या व्हा'. केमोनं केस गेलेली बाई पंधरा दिवसांनी रिक्षातून घरी येताना चौकात स्वतःचा तो फोटो बघणार, कसं वाटेल? त्या पैशात एक प्लेटलेटचा किट होतो. आणि तो फिरलेला मेसेज, रिपोर्टसकट, जिथं जिथं टाकलाय तिथून काढायला लावा, ज्यानं टाकला त्यालाच कामाला लावा. असे मेसेज तीन-तीन वर्षं फिरत राहतात, माणूस बरा होऊन नातवाच्या लग्नात नाचला तरी 'अर्जंट ओ पॉझिटिव्ह' चालूच. नवीन मेसेज करायचाच असेल तर त्यात तारीख घाला, कधीपर्यंत चालेल ते घाला, नंबर मुलाचा नाही तर वही सांभाळणाऱ्याचा, आणि आजाराचं नाव अक्का हो म्हणाल्या तरच.

म्हणजे आलं ना, सगळं फिरून अक्कांपाशीच. तुमच्या पत्रात शिबिर आहे, डिजिटल आहे, ८६ हजार आहेत, पण अक्कांना काय पाहिजे हे कोणी विचारल्याचं एक वाक्य नाही. त्या फक्त काय नको ते बोलल्यात. पुढारी माणसाला आपण लहान मूल करून टाकतो आजारात. मास्क लावून एकट्यानं जा, लांब बसा आणि विचारा. पैशाचं त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यांनी बायकांकडून वर्गणी घेतली तेव्हा पावती दिली होती की नाही? तशीच पावती तुम्ही द्या, मंडळाच्या पोरांकडून, दुकानदारांकडून घ्या, आणि बायकांकडून पैसे घेणार नाही हा त्यांचा शब्द राखा. आमच्या फोनवर तुम्ही म्हणालात ना, की अक्कांना झोप लागत नाही कारण टेबलावर चौदा बायकांच्या पीएफच्या फाइली अडकल्यात. मग त्या फाइली घ्या की. तुमची आई, जिच्यासाठी अकरा हेलपाटे झाले, ती आणि अजून एखादी लिहिता-वाचता येणारी सून, दोघींनी रोज दोन तास त्या टेबलावर बसायचं. अक्कांना दिवसातून एकदा, दुपारी, दहा मिनिटं फोन, कुठल्या फाइलीचं काय झालं तेवढंच. तब्येत कशी आहे असं विचारायचं नाही त्या फोनवर. ते दिवसभर सगळे विचारतातच.

प्रश्न: मी वरच्याच अक्कांच्या ओळखीतला, यंत्रमाग कामगार, वय ३४. माझं बोन मॅरो अक्कांना द्यायची तयारी आहे. पण घरातले म्हणतात पाठीच्या मणक्यातून काढतात, नंतर माग ओढता येत नाही, लुळा पडशील. खरं काय?

उत्तर: दादा, मणक्यातून काढत नाहीत. हल्ली बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शन देतात, त्यानं मूळ पेशी रक्तात उतरतात आणि मग वर सांगितलेल्या मशीनसारख्याच मशीनवर हातातून काढतात, फक्त वेळ जास्त, तीन-चार तास. इंजेक्शनच्या दिवसांत अंग आणि हाडं दुखतात, ताप आल्यासारखं वाटतं, ते जातं. कधी कमरेच्या मागच्या हाडातून भूल देऊन काढतात, पण ते कमरेचं हाड, मणका वेगळा. काही आठवड्यांत शरीर भरून काढतं.

पण तुमचं अक्कांना जुळेल का? रक्तगट जुळणं वेगळं आणि हे वेगळं, एचएलए म्हणतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, बाहेरच्या माणसाशी जुळणं फारच दुर्मीळ, आणि आता अर्धं जुळणारे मुलगा-मुलगीसुद्धा दाते होतात. शिवाय अक्कांना ट्रान्सप्लांट लागणार की नाही, झेपणार की नाही हे पहिल्या केमोनंतर ठरेल. तुमची इच्छा असेल तर दात्यांच्या रजिस्ट्रीत नाव घाला, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस. मात्र एक समजून घ्या, तिथं नाव घातलं म्हणजे कुणासाठीपण, कदाचित पाच वर्षांनी पंजाबातल्या एखाद्या पोरासाठी फोन येईल. तेव्हा बायको नको म्हणते म्हणून मागं सरायचं असेल तर आजच घालू नका. कारण ट्रान्सप्लांटच्या आधी औषधं देऊन त्या पेशंटचा स्वतःचा मॅरो पूर्ण संपवलेला असतो. त्या टप्प्यावर दाता पळाला तर पेशंट वाचणं मुश्कील. तेव्हा बायकोला घेऊन बसा, तिलाच हे वाचून दाखवा, मग ठरवा. तोवर वहीत नाव लिहा, प्लेटलेटला तुमचं वय एकदम बरोबर आहे.

प्रश्न: आम्ही वैराग भागातले. वडील २० वर्षं सरपंच होते, आता तोंडाचा कॅन्सर, बार्शीला रेडिएशन चालू आहे, रोज जायचं. तोंड आतून सोलल्यामुळं बोलता येत नाही. गावानं ठरवलंय त्यांच्या पंच्याहत्तरीचा भव्य सत्कार पुढच्या महिन्यात करायचा, म्हणजे त्यांना उभारी येईल. आम्हाला नको वाटतंय, पण गावाला दुखवायचं कसं? शिवाय रोजची गाडी परवडत नाहीये.

उत्तर: बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जिल्ह्यात आहे हे अजून सोलापुरातल्याच कित्येकांना माहीत नाही, सरळ मुंबई गाठतात. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. तुम्ही जवळ आहात हे नशीब समजा.

तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं, म्हणजे तीस-पस्तीस फेऱ्या. सत्कार समितीत किती जण आहेत? पंधरा? प्रत्येकानं दोन दिवस गाडी काढायची, किंवा डिझेल घालायचं. मंडपवाल्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स डिझेलला वळवा. समितीच्या अध्यक्षाला हे तुम्ही सांगू नका, तुमच्या आईला सांगायला लावा, तिच्यापुढं कोणी बोलणार नाही.

गाडीत बसणाऱ्यांना एवढंच सांगा की तुमच्या अण्णांना बोलायला लावायचं नाही. वीस वर्षं ज्यांनी ग्रामसभा गाजवली त्यांना मान हलवत बसवायचं म्हणजे शिक्षाच, म्हणून लोक गप्प बसतात आणि गाडीत सुतक आल्यासारखं होतं. तसं नको. पाऊस कुठवर आला, कुणाची मोटार जळली, सोसायटीत कोण कुणाला फोडतंय, हे सगळं आपण बोलत राहायचं आणि मांडीवर त्यांच्या पाटी-पेन्सिल ठेवायची. त्यांना राहवणार नाही, मध्येच काहीतरी लिहितील, बहुतेक शिवीच असेल. जेवण पातळ आणि कोमट, तिखट-आंबट बंद, आणि तंबाखूची डबी गाडीत कुणाच्याच खिशात नको, वासानं जीव कासावीस होतो सोडलेल्या माणसाचा.

आणि सत्कार पाहिजे की नको, हे पाटीवर त्यांनाच विचारा की.